‘दुकान’ या शब्दात कोण कोण येतं?

मालकाच्या श्रद्धेत न बसणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवता येतं का, हा वाद अमेरिकेतल्या लग्नाच्या केकच्या खटल्यानं २०१८ मध्ये जगभर गाजवला. तिथला निकाल केकवाल्याच्या बाजूनं लागला, तोही राज्याच्या आयोगानं त्याच्या धर्माबद्दल आकस दाखवला या मर्यादित मुद्द्यावर. आपल्याकडे हा प्रश्न सत्तर वर्षं आधीच घटना समितीसमोर आला होता.

२९ नोव्हेंबर १९४८. आजच्या कलम १५(२)चा मसुदा चर्चेला होता. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवायचं नाही. सरकारलाच नव्हे, खासगी मालकालाही बांधणारं हे कलम. ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं गेलं. मसुदा समितीच्या अध्यक्षांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: जो कोणी आपली सेवा देऊ करतो तो यात आला. हा शब्द नुसता उंबरठा ओलांडण्यापुरता नाही. अटी मान्य असतील तर सेवा मिळालीच पाहिजे.

हे स्पष्टीकरण का लागलं, ते चहाच्या कपावरून कळतं. अस्पृश्य मानलेल्यांना चहा मिळायचा, पण कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली, आणि ती धुवायची पिणाऱ्यानंच. म्हणूनच १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात उपाहारगृहातल्या भांड्यांचा वेगळा उल्लेख आहे. पुण्यात गंज पेठेतल्या जोतीराव फुल्यांच्या घरचा हौद १८६८ मध्येच सर्वांना खुला झाला होता, हे वाचकांना सांगायला नको.

श्रद्धेपोटी नकार म्हटलं की १८९० चा न्हाव्यांचा संपही आठवतो. विधवांचं केशवपन करणार नाही, असं ते म्हणाले. पण तो नकार एका क्रूर कामाला होता, समोरच्या बाईला हलकी मानून दिलेला नव्हता. दोन्ही नकार एकाच तागडीत घालू नयेत.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच व्यापक अर्थाच्या आधारे खासगी शिक्षणसंस्थांनाही ‘दुकान’ मानलं. २०१९ च्या कायद्यानं तृतीयपंथीयांना सेवा नाकारायला मनाई केली. घर मात्र कलमाच्या यादीत नाही. २००५ च्या एका निकालानं तर सहकारी गृहसंस्थेला सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवण्याची मुभा दिली. कोथरूडला भाड्याचं घर शोधताना एजंट आधी आडनाव विचारतो, मग “नॉनव्हेज खाता का?” आणि भाड्याचा आकडा त्यानंतर सांगतो.