वळणावर सांडलेला उजेड

1947 ची गोष्ट. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लॅबमध्ये सिंक्रोट्रॉन नावाचं एक मशीन चालू होतं, काम काय तर इलेक्ट्रॉन गोल गोल पळवायचे. आत कुठे ठिणग्या उडतायत का ते बघायला एका टेक्निशियनने काँक्रीटच्या भिंतीआडून आरसा धरला, तर ठिणगी नाहीच, निळसर पांढरा उजेड दिसला!

झालं असं की इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळत असतो आणि चुंबकाने त्याला वळवलं की वळता वळता तो थोडी ऊर्जा प्रकाश म्हणून सांडतो. कण-भौतिकीवाल्यांना हा नुसता वैताग होता, कारण जेवढं सांडलं तेवढं परत भरायचं. पण वेग पुरेसा वाढवला की याच सांडण्यातून एक्स-रे निघतात, आणि आज त्यासाठीच मुद्दाम मोठमोठ्या रिंगा बांधतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आहे तिचा घेर 844 मीटर. आता तर सरळ भागातही चुंबकांची ओळ लावून इलेक्ट्रॉनला नागमोडी पळवतात, म्हणजे अजून सांडेल :)

दवाखान्यातल्या एक्स-रेपेक्षा हे किरण अब्जावधी पटींनी प्रखर असतात. प्रखर म्हणजे नुसते जास्त नाही, तर एका बारीक झोतात गोळा झालेले, बल्ब आणि लेझरमध्ये असतो तसा फरक.

एवढं प्रखर कशाला लागतं? एक्स-रेची तरंगलांबी साधारण दोन अणूंमधल्या अंतराएवढी असते, त्यामुळे स्फटिकावर पडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि त्या ठिपक्यांवरून गणित करून अणू कुठे बसलेत ते काढता येतं. पण प्रोटीनचे स्फटिक म्हणजे केसाच्या जाडीएवढे आणि नाजूक, साध्या किरणांत त्यांचे ठिपके दिसतच नाहीत. पेशीत प्रोटीन बनवणारा रायबोझोम असाच उलगडला, त्याला 2009 चं नोबेल मिळालं, व्यंकी रामकृष्णन त्यातलेच एक.

मला स्वतःला मात्र आर्किमिडीजच्या पोथीची गोष्ट जास्त आवडते. दहाव्या शतकात त्याचं लिखाण चर्मपत्रावर उतरवलेलं, 1229 मध्ये कोणीतरी ती शाई खरवडून त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या, वर विसाव्या शतकात काही पानांवर खोटी जुनी चित्रंही रंगवली गेली (काय म्हणावं या माणसांना!). पण शाईत लोह होतं. स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनचा झोत पानावरून फिरवला तसे लोहाचे अणू आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे एक्स-रे परत फेकू लागले, आणि चित्राखालची अक्षरं स्क्रीनवर उमटली.

एक अडचण आहेच, जो झोत दाखवतो तोच जाळतो. म्हणून स्फटिक उणे 170 अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात, तरी हळूहळू खराब होतातच. यावर हॅम्बर्गजवळच्या 3.4 किलोमीटर लांब एक्स-रे लेझरमध्ये वेगळीच आयडिया वापरतात, वाचवायचंच नाही. झोत इतका छोटा, काही फेम्टोसेकंदांचा (सेकंदाचे एक अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे परत दहा लाख, तो एक फेम्टोसेकंद), की स्फटिकाच्या चिंधड्या उडतात खऱ्या, पण अणू जागचे हलायच्या आत फोटो निघालेला असतो.