हूल, ड्रॉ पोकरमधील

हाती हलकी पाने असताना भारी पानांचा आव आणून मोठी पैज लावणे आणि प्रतिस्पर्ध्याला डाव सोडायला भाग पाडणे, याला पोकर या पैजेच्या पत्त्यांच्या खेळात हूल देणे किंवा ब्लफ म्हणतात. ब्लफ हा शब्द बहुधा डचमधून इंग्रजीत आला असून १८४० च्या दशकात अमेरिकेत खुद्द पोकरलाही हे नाव होते.

पोकरचा उगम वादग्रस्त आहे. काही जुन्या लेखकांनी तो इराणी आस-नास या खेळात शोधला, परंतु त्या खेळाची सविस्तर वर्णने पोकर रूढ झाल्यानंतरची आहेत. ‘पोक’ हा फ्रेंच खेळ आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘पोखन’ यांच्याशी असलेले नाते, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातील फ्रेंच वस्ती लक्षात घेता, अधिक संभाव्य वाटते. वाटलेल्या पाच पानांपैकी काही टाकून नवी घेण्याची सोय, म्हणजेच ‘ड्रॉ’, साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली आणि तिने हुलीचे स्वरूपच पालटले, कारण किती पाने बदलली हे सर्वांना दिसते आणि हूल त्या संख्येशी जुळावी लागते.

बावन्न पानांच्या कॅटमधून पाच पानांचे २५,९८,९६० संच संभवतात. त्यांपैकी सिक्वेन्स (ओळीने येणारी पाच पाने) किंवा त्याहून वरचे संच १९,७१६, म्हणजे सरासरीने १३२ वाटपांत एक, इतकेच असतात. एकही पान न बदलणे म्हणजे असा संच हाती असल्याचा दावा; त्यामुळे तशी हूल क्वचितच शोभते. एकाच बैठकीत ती वारंवार दिली तर कोणी मानत नाही. याउलट जोडीसोबत एक्का राखून तीनऐवजी दोनच पाने बदलली, तर हात सुधारण्याची शक्यता २८.७ टक्क्यांवरून २५.९ टक्क्यांवर येते; एवढ्या थोड्या तोट्यात तीन सारखी पाने हाती असल्याचा आभास साधतो.

सर्वांत बोलका प्रसंग एक पान बदलण्याचा आहे. चार बदाम राखून इस्पिकचे पान टाकणाऱ्याला न पाहिलेल्या ४७ पानांपैकी ९ पाने कलर (एकाच रंगाची पाच पाने) जुळवून देतात, ३८ देत नाहीत. जुळलेला कलर जिंकतोच असे धरले आणि पैज पॉटइतकी (मध्ये जमलेल्या रकमेइतकी) असली, तर दर दोन खऱ्या पैजांमागे एक हूल हे प्रमाण प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करते; पैज स्वीकारली काय, सोडली काय, त्याला सारखेच. म्हणजे फसलेल्या ३८ पानांपैकी चार-पाच पानांवरच हूल द्यावी. ही पाने, उदाहरणार्थ किलवरचा राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, आधीच मनाशी ठरवून ठेवली, तर निवड चेहऱ्यावर किंवा सवयीवर अवलंबून राहत नाही.

या हिशेबामागील विचार एमिल बोरेल आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांच्या पोकरविषयक गणिती प्रतिमानांतून पुढे आला. फॉन नॉयमन यांनी अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात मध्यम नव्हे, तर सर्वांत हलक्या हातांवर हूल द्यावी असा निष्कर्ष निघतो. मात्र त्या प्रतिमानात पाने बदलण्याचा टप्पाच नसल्याने तो ड्रॉ पोकरला जसाच्या तसा लावणे योग्य नाही. शिवाय दोन खऱ्या पैजांमागे एक हूल हे प्रमाण प्रतिस्पर्धी डाव सोडू शकतो या गृहीतावर उभे आहे. प्रत्येक पैज स्वीकारून पाने पाहणाऱ्या खेळाडूपुढे हूल देऊच नये.