लिनक्समधल्या थ्रेडला दोन क्रमांक का?

थ्रेड म्हणजे एका प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, आत समांतर चालणारी कामाची धारा. प्रोग्रामच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, थ्रेडचा क्रमांक १४०७३७ ने सुरू होणारा, चांगला पंधरा आकडी छापलेला असतो. चालू कामांची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये तोच थ्रेड १२३४५ म्हणून दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. पहिला क्रमांक प्रोग्रामला जोडलेल्या थ्रेड लायब्ररीचा, दुसरा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा.

युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या १९९५ च्या पॉझिक्स मानकाने लायब्ररीच्या क्रमांकाचा पीथ्रेड_टी हा प्रकार मुद्दाम बंद पेटीसारखा ठेवला. आत पूर्णांक असेल, पॉइंटर असेल किंवा स्ट्रक्चर. तुलना करायची ती पीथ्रेड_ईक्वल या फंक्शननेच. जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीमध्ये तो प्रत्यक्षात थ्रेडच्या नोंदीचा मेमरीतला पत्ता असतो. त्यामुळे प्रोसेसबाहेर त्याला अर्थ नाही. शिवाय थ्रेड संपून जॉइन झाला, म्हणजे दुसऱ्या थ्रेडने त्याचा शेवट नोंदवून घेतला, की तीच जागा नव्या थ्रेडला मिळू शकते, आणि मग लॉगमध्ये दोन वेगळे थ्रेड एकच वाटतात.

कर्नलच्या बाजूला खरा गोंधळ झाला. झेव्हियर लरॉय यांच्या लिनक्सथ्रेड्स या जुन्या थ्रेड लायब्ररीमध्ये प्रत्येक थ्रेड म्हणजे क्लोन कॉलने बनवलेली स्वतंत्र प्रोसेसच होती. एका सर्व्हरच्या वीस थ्रेडसाठी प्रोसेसची यादी देणाऱ्या ‘पीएस’मध्ये वीसहून जास्त ओळी, आणि प्रोसेसचा क्रमांक (पीआयडी) सांगणाऱ्या गेटपीआयडीचे उत्तर प्रत्येक थ्रेडमध्ये वेगळे! पीआयडीवर पाठवलेला सिग्नलही त्या एकाच थ्रेडला पोहोचायचा.

२.४ कर्नलमध्ये थ्रेड-गट, म्हणजे एका प्रोसेसचे सगळे थ्रेड एकत्र धरण्याची सोय, आले. उलरिक ड्रेपर आणि इंगो मोलनार यांच्या एनपीटीएल या नव्या थ्रेड लायब्ररीने त्यांचा पूर्ण वापर केला आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलपासून हीच पद्धत रुळली. गेटपीआयडी आता गटाचा क्रमांक देते, गेटटीआयडी एकेका थ्रेडचा (टीआयडी). मुख्य थ्रेडचे दोन्ही सारखेच येतात, म्हणून एकाच थ्रेडवर केलेल्या चाचणीत या दोन क्रमांकांची गफलत लपून राहते. जीलिबसीने गेटटीआयडीचे साधे फंक्शन मात्र २०१९ मध्ये, २.३० आवृत्तीत दिले. तोवर सिस्कॉल, म्हणजे कर्नलला करायची विनंती, थेट करावा लागे. एवढा उशीर अनाकलनीयच.

टीआयडीसुद्धा कायमचा नाही, थ्रेड संपल्यावर तो पुन्हा वापरात येतो. म्हणून थ्रेडला नाव द्यावे. मर्यादा १६ बाइटची, त्यातला एक शेवटच्या शून्याचा. नाव देणारे लायब्ररीचे पीथ्रेड_सेटनेम_एनपी लांब नावाला ई-रेंज (मर्यादेबाहेर) त्रुटी देते, कर्नलचा पीआरसीटीएल कॉल मात्र ते गुपचूप कापतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, आणि काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजल्या जातात. उरलेल्या पंधरा बाइटांत अशी पाचच चिन्हे बसतात, म्हणून नावाला रोमन लिपीच सोयीची.