उन्हाची बेगमी

पाऊस तोंडावर आला की कोकणात बेगमीची घाई उडते. लाकडं पडवीत रचायची, आमसुलं बरणीत भरायची, सुकट-बोंबील पत्र्याच्या डब्यात, फणसपोळ्या कागदात. यातलं बहुतेक काम एप्रिल-मेच्या उन्हाने केलेलं असतं; आपण नुसतं उलथंपालथं करायला. तेव्हा इथे मोठा वीजप्रकल्प आला, विरोध झाला आणि कुणी 'हे नको, ते नको, मग वीज कुठून आणणार?' असं विचारलं, की 'सोलर!' हे उत्तर लगेच येतं, यात नवल नाही. ऊन आपल्या ओळखीचं आहे. प्रश्न उन्हाचा नाहीच, बेगमीचा आहे. तो कळायला थोडं मागे जावं लागतं.

उन्हावर चालणारा कोकणातला सगळ्यात जुना मोठा कारखाना म्हणजे मीठागर. उरण, पेण, वसईच्या खाड्यांकाठी, खाली शिरोड्याला. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणखी खारं झालं की पुढच्या वाफ्यात सोडायचं, शेवटी मीठ ओढून रास घालायची. इतकं पाणी सरपणावर आटवायचं म्हटलं असतं तर डोंगर बोडके झाले असते. पण हा कारखाना जूनमध्ये बंद होतो. आगरी माणसाला त्याचं दुःख नसतं, कारण मिठाची रास राहते. विजेची रास घालता येत नाही. सौरऊर्जेची पुढची सगळी कटकट एवढ्यात आली.

उन्हावर इंजिन चालवायचा प्रयोगही याच किनाऱ्यावर झालेला आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रजाने 1878च्या सुमारास मधल्या कुलाब्यात सपाट आरशांची अर्धगोल मांडणी केली, सगळ्यांची तिरीप एका बॉयलरवर पाडली आणि त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचा पंप चालवून दाखवला. सूर्य सरकेल तशी आरशांची चौकट हाताने सरकवायची. त्याने सौरचूलही केली होती. जानेवारीत, तिच्यावर सात सैनिकांचा शिधा दोन तासांत शिजला. गिरण्यांचा कोळसा तेव्हा विलायतेहून बोटीने यायचा, म्हणून उष्ण देशांत उन्हाने इंधनाची जागा घ्यावी, असं त्याचं म्हणणं. म्हणणं चूक नव्हतं, पण कोळसा रात्रीही जळतो.

सिलिकॉनचा सेल त्यानंतर पाऊणशे वर्षांनी आला. 1954 साली बेल लॅबमध्ये तो बनला तेव्हा पडलेल्या उन्हातलं जेमतेम सहा टक्के विजेत उतरत होतं. आज बाजारातली साधी पॅनेलंही वीस टक्क्यांच्या पुढे आहेत. भाव तर कोसळलाच. 2010 साली राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली तेव्हा लिलावात युनिटला बारा रुपयांच्या आसपास दर निघाले होते. 2017 साली राजस्थानात भडल्याला तोच 2 रुपये 44 पैशांवर आला. सोलर परवडत नाही, हा जुना आक्षेप त्या दिवशी संपला.

या मधल्या काळात कोकणाने वीज कमी बनवलेली नाही. 1915 साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं, मग भिरा. भिऱ्याला पाणी मिळावं म्हणून वर मुळशीचं खोरं बुडालं आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. पुढे कोयना: धरण साताऱ्यात, वीजघरं इकडे पोफळी-अलोऱ्याला, आणि वीज झाल्यावर पाणी वाशिष्ठीत. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी ही पावसाची बेगमीच, चार महिन्यांचा पाऊस उन्हाळ्यात वापरायचा. नंतर तारापूर (1969), डहाणू, एन्रॉनचं दाभोळ, जयगड. आणि जैतापूरचा अणुप्रकल्प, जो कागदावर 9,900 मेगावॉटचा आहे आणि अजून उभा नाही. तारा बहुतेक मुंबईकडे नाहीतर घाटावर जाणाऱ्या. आमच्याकडे मात्र वाऱ्याची झुळूक आली की लाईट जाते.

आता साधा हिशेब मांडू. जैतापूर ठरल्याप्रमाणे ऐंशी टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला सुमारे 6,900 कोटी युनिटं होतील. कोकणात एक मेगावॉट सोलर वर्षाला पंधरा लाख युनिटं देईल असं धरू. तेवढ्याच युनिटांना 46,000 मेगावॉट लागेल. 2025च्या सुरुवातीला साऱ्या देशातल्या सोलरने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. हे त्याच्या निम्म्याला टेकतं. मेगावॉटला चार एकर धरले तर जमीन 1,84,000 एकर, म्हणजे साडेसातशे चौरस किलोमीटरला थोडी कमी. रत्नागिरी जिल्हा अख्खा 8,208 चौरस किलोमीटर. अकराव्या हिश्श्यावर काचा.

'मग सडे आहेत की रिकामे!' असं मुंबईत बसून सहज म्हणता येतं. सडा म्हणजे कातळाचं पठार, आणि सातबाऱ्यावर तो 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून पडलेला असतो हे खरं. पण पावसात त्यावर रानफुलांचा गालिचा येतो, गुरं चरतात, खोलगट जागी भात लावतात, छप्परांचं गवत तिथलंच. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं याच सड्यांवर आहेत आणि 2022पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत. शिवाय एकेका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं, त्यातली अर्धी माणसं नालासोपारा-डोंबिवलीत. भडल्याला वाळवंटात चौदा हजार एकर एका सलग पट्ट्यात मिळाले. इथे चौदा एकर मिळवायचे तर सह्या गोळा करता करता दोन गणपती जातात.

राहता राहिली छपरं. आमच्या गावच्या घरावर तीन किलोवॉटची पॅनेलं आहेत. एप्रिलात दिवसाला बारा युनिटं सहज होतात, जुलैच्या झडीत तीनसुद्धा होत नाहीत. ठेकेदाराने साध्या लोखंडाच्या पट्ट्या लावल्या. खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत त्या सोलल्या. परसातल्या माडाची सावली दुपारी तीनला एका पॅनेलवर येते आणि मालिकेत जोडलेली बाकीचीही मंदावतात. माड तोडा, असं सांगणाऱ्याला आईने चहाही विचारला नाही.

आणि एक गोष्ट लोकांना निसर्ग वादळानंतर कळली. 3 जून 2020ला ते दिवेआगर-श्रीवर्धनवर आदळलं, दापोली-मंडणगडपर्यंत खांब आडवे झाले, आणि कित्येक वाड्या कित्येक आठवडे अंधारात राहिल्या. नेट मीटरिंगचं, म्हणजे जास्तीची वीज लाईनमध्ये सोडून बिलातून वळती करणारं सोलर अशा वेळी उपयोगी नाही. लाईनमधली वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. वर लख्ख ऊन, खाली मेणबत्ती. ज्यांच्याकडे बॅटरी, त्यांचाच मोबाईल चार्ज.

म्हणजे फिरून बेगमीवरच आलो. बॅटऱ्या स्वस्त होताहेत, पण रात्रीची मुंबई चालवायची असेल तर माझी मदार सह्याद्रीच्या कड्यावर आहे. घाटघरला 2008पासून 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वरचं तळं घाटमाथ्यावर, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला, मध्ये चारशे मीटरचा उतार. मागणी नसताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडायचं. चार युनिटं खर्चून तीन परत मिळतात. हा प्रकल्प आखला तेव्हा रात्रीची उरलेली कोळशाची वीज डोळ्यांपुढे होती. सोलर वाढलं तसं हे घड्याळ उलटं फिरतंय: पाणी भर दुपारी चढवायचं, दिवेलागणीला उतरवायचं. जुलै-ऑगस्टात ऊन पडणार नाही, पण तेव्हा धरणं भरलेली असतात आणि घाटावरच्या पवनचक्क्या सुटलेल्या असतात. त्यामुळे जोडी जमते. अट एवढीच, की दुपारची वीज मुख्यतः राजस्थान, गुजरात किंवा घाटावरून येणार, कोकणाच्या छपरांनी घरचं बिल सांभाळायचं, आणि साठवण मात्र आमच्या कड्यावर व्हायची.

2023च्या डिसेंबरात राज्याने अशा प्रकल्पांसाठी धोरणही आणलं. मुळशीत फक्त वरच्या माणसांची जमीन गेली होती, भिऱ्याला खाली वीजघर तेवढं आलं. उदंचनाला वर आणि खाली अशी दोन तळी लागतात.