सादळलेले फटाके कधी कधी पुढच्या दिवाळीत का वाजतात

ही गोष्ट अमेरिकन फुटबॉलची, आपल्या लाथाडायच्या नाही: तिथे फुसके ठरलेले खेळाडू कधी कधी पुन्हा कसे वाजतात, आणि छोट्या कामाचे लोक काय कमावतात, त्याची. २१ ऑक्टोबर २०१९ची रात्र. न्यूयॉर्क जेट्सची मॅच पेट्रियट्सशी. जेट्सचा क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल हातात घेऊन डाव चालवणारा, बॉल फेकणारा गडी) सॅम डार्नोल्ड, वय २२, अंगावर टीव्हीवाल्यांनी माइक लावलेला, आणि बाकावर बसल्या बसल्या पठ्ठ्या म्हणतो की मला भुतं दिसतायत. म्हणजे काय, तर अंगावर धावून येणारे गडी नसतानाही येतायत असं वाटायला लागलं होतं. त्या रात्री ४ इंटरसेप्शन (त्याने फेकलेला बॉल समोरच्यांनीच झेलला), ३३-०ने हार, आणि हे वाक्य देशभर ऐकू गेलं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, तिसऱ्या नंबरला उचललेला पोरगा, त्याच्यावर शिक्का बसला: बस्ट. आपल्याकडे म्हणतात तसा फुसका बार.

आता २०२४ बघा. तोच डार्नोल्ड, मिनेसोटा व्हायकिंग्जकडून ३५ टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे पोचवणं), फेकून पुढे नेलेलं अंतर ४३१९ यार्ड, टीम १७ पैकी १४ मॅच जिंकली. हात तोच, डोळे तेच. मग बदललं काय?

आधी ही निवड कशी होते ते बघू. त्यांच्या लीगमध्ये ३२ टीम, दरवर्षी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांची निवड ७ फेऱ्यांत होते आणि गेल्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला पहिला नंबर मिळतो. इथेच पहिली गोम आहे, कारण सगळ्यात हुशार पोरगा जातो तो बऱ्याचदा सगळ्यात बिघडलेल्या घरात, जिथे त्याला वाचवायला धड लाइन (त्याच्यापुढे उभे राहून अडवणारे गडी) नाही आणि कोचची खुर्ची हलतेय.

२०१८चा ड्राफ्ट तर या विषयाची प्रयोगशाळाच आहे. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: बेकर मेफिल्ड पहिला, डार्नोल्ड तिसरा, जॉश अॅलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लमार जॅक्सन ३२वा, म्हणजे फेरीतला अगदी शेवटचा. पुढे काय झालं? शेवटून आलेला जॅक्सन दोनदा लीगचा एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू), अॅलन एकदा, रोझन टीम बदलत बदलत संपला, आणि पहिला नंबर मेफिल्ड २०२२च्या डिसेंबरात चक्क बेकार होता, कॅरोलायनाने सोडून दिलेला. रॅम्सने उचलला आणि दोनच दिवसांनी त्याने शेवटच्या दोन मिनिटांत ९८ यार्ड टीम नेऊन मॅच काढली. पुढच्या वर्षी टॅम्पा बेने त्याला एका वर्षासाठी ४० लाख डॉलरवर घेतलं, त्या धंद्यात क्वार्टरबॅकला ही रक्कम म्हणजे चहापाण्याचे पैसे, आणि २०२४मध्ये त्याच टीमने ३ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार हातात ठेवला.

मग निवडणारे मूर्ख आहेत का? तसं नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच ते २०१७चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) यांनी वर्षानुवर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणारे दोन जण लागोपाठ निवडले, तर आधीचा नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता किती? साधारण ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा केसभर जास्त. म्हणजे तज्ज्ञांना काहीच कळत नाही असं नव्हे, शंभरातले चांगले तीस ते ओळखतात, पण त्या तिसात एक नंबर कोण आणि दोन नंबर कोण हे सांगताना जो ठामपणा दाखवतात त्याला आधार फार तोकडा असतो. कॉलेजचे मोजके सामने, त्यात बरोबरचे गडी कसे होते याचा वाटा, थोडं नशीब, एवढ्यावर माणसाची किंमत ठरते. मॅसी-थेलर यांचं दुसरं म्हणणं आणखी टोचणारं: जुन्या पगारांच्या हिशोबात पैशाला सगळ्यात जास्त मोबदला पहिल्या नंबरचा खेळाडू देत नव्हता, तर पहिल्या फेरीच्या शेवटचे आणि दुसऱ्या फेरीतले देत होते. २०११ला नव्या पोरांच्या पगारावर मर्यादा आली, त्यामुळे हे गणित आता बदललंय. आधीच्याच वर्षी पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांचे ७.८ कोटी डॉलर कबूल केले होते, २०११च्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे जेमतेम २.२ कोटी.

बरं, चूक कळली की लगेच सुधारतात का? बास्केटबॉलमध्ये बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ला हेच तपासलं होतं. वरच्या नंबरला निवडलेला खेळाडू, त्याचा प्रत्यक्ष खेळ हिशोबात धरल्यावरसुद्धा, जास्त मिनिटं खेळवला जातो आणि जास्त वर्षं ठेवला जातो. महागडा ड्रेस अंगाला होत नसला तरी कपाटातून निघत नाही, तसंच.

आता डार्नोल्डच्या भुतांकडे येऊ, कारण मला यातलं सगळ्यात रंजक वाटतं ते डोक्यातलं काम. क्वार्टरबॅकला बॉल हातात आल्यावर मिळतात अडीच-तीन सेकंद. एवढ्यात ११ जण मोजून विचार करणं कुणालाच शक्य नाही, तो फक्त ओळखतो. १९७३ला चेस आणि सायमन या संशोधकांनी बुद्धिबळावर जो प्रयोग केला तो इथे चपखल बसतो: खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर मास्टरला ती बरीचशी आठवते, नवख्याला चार-पाच सोंगट्या, पण सोंगट्या कशाही विस्कटून मांडल्या की मास्टरची मिजास उतरते आणि तो जवळपास नवख्याच्या रांगेत येतो. म्हणजे कौशल्य नुसतं नजरेत नसतं, ओळखीच्या आकृत्यांच्या साठ्यात असतं. आता विचार करा, दर वर्षी नवा कोच, नवं प्लेबुक (डावांची वही), त्याच डावाला नवं नाव, हे म्हणजे दरवर्षी कुणीतरी पट विस्कटून देण्यासारखं झालं. २००५चा पहिला नंबर अॅलेक्स स्मिथ घ्या. पहिल्या वर्षी १ टचडाऊन आणि ११ इंटरसेप्शन, सान फ्रान्सिस्कोत डाव आखणाऱ्या बदलत्या को-ऑर्डिनेटरांची रांगच लागलेली, लोकांनी त्याला निकालात काढलं होतं. २०११ला नवा कोच जिम हार्बॉ आला, आणि तीच टीम तोच क्वार्टरबॅक घेऊन १६ पैकी १३ मॅच जिंकली.

डार्नोल्डने मात्र २०२३चं वर्ष बाकावर काढलं, तेही कुणाच्या मागे? ब्रॉक पर्डीच्या, जो २०२२च्या ड्राफ्टमधला २६२वा, म्हणजे सगळ्यात शेवटचा खेळाडू. तिसरा नंबर बसलाय आणि शेवटचा खेळतोय! पण त्या वर्षात चांगली यंत्रणा जवळून बघायला मिळाली आणि रोज मार खावा लागला नाही. सादळलेला फटाका उन्हात ठेवतात, तसं काहीसं.

कधी जागा नुसती हलवली तरी पुरतं. फिलाडेल्फियाचा नेल्सन अॅगोलर, २०१५ला पहिल्या फेरीतला रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा), २०१६मध्ये हातातले बॉल इतके सांडले की एका मॅचला बाहेर बसवला. २०१७ला त्याला कडेवरून आत आणला, ज्याला स्लॉट म्हणतात, तिथे पळायला दोन्ही बाजू मोकळ्या असतात आणि साइडलाइनला दाबलं जात नाही. त्या मोसमात ६२ कॅच, ८ टचडाऊन, आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या फायनलमध्ये, ९ कॅच. त्या मॅचचा हिरो निक फोल्स, तोही मूळचा बदली क्वार्टरबॅकच.

थोडा चिमटा स्वतःलाही काढतो. अशा गोष्टी गोड लागतात कारण वाजलेले बारच लक्षात राहतात. २००७चा पहिला नंबर जामार्कस रसेल तीन मोसमांत संपला, परत कधी खेळला नाही. बरेचसे फुसके फुसकेच राहतात. आणि अतिवाईट वर्षानंतर जरा बरं वर्ष येणं हे कोचची जादू नसताना नुसत्या सरासरीच्या ओढीनेही होतं. ती ओढ उलटीही लागते: २०२४च्या शेवटच्या दोन मॅचमध्ये व्हायकिंग्जना जेमतेम ९-९ पॉइंट करता आले, आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) डार्नोल्डला ९ वेळा आडवा केला.

राहिले छोट्या कामाचे लोक. रोस्टरवर (टीमच्या यादीत) ५३ जण आणि मैदानात ११, मग बाकीचे करतात काय? पंट झाला (बॉल लाथेने लांब समोरच्यांकडे मारला) की सुसाट धावत जाऊन बॉल घेणाऱ्याला जागीच पाडणं, हे अशातलंच एक काम. टीव्हीवाले त्या वेळात जाहिरातीची तयारी करत असतात. पण १९७१ला व्हर्जिल कार्टर आणि प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांनी मैदानातल्या जागेची किंमत पॉइंटांत काढली, आणि स्वतःच्या गोललाइनजवळ बॉल हातात असणं म्हणजे सरासरीने तोटाच असं निघालं. कार्टर कोण, तर त्या वेळी बेंगल्सकडून खेळणारा, सहाव्या फेरीत निवडलेला क्वार्टरबॅक! त्यामुळे समोरच्याला पाच-दहा यार्ड मागेच अडवणारा माणूस टचडाऊन न करता पॉइंटच कमावत असतो, थेंबाथेंबाने.

पेट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर हेच करायचा. २००८ला पाचव्या फेरीत आला, कागदावर रिसीव्हर. १६ मोसम, १० प्रो बोल (म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवड), ३ सुपर बोल जिंकलेले. आणि सगळ्या करिअरमध्ये कॅच? एक. २०११मध्ये, ४६ यार्डांचा.