बजरीला नोंदणी नाही, रेड रम्पला आहे: मुंबईत छोटे ऑस्ट्रेलियन पोपट पाळायचे तर कागदपत्रं कोणती

मुंबईत ज्याला सगळे लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच, ती असते बजरी म्हणजे ऑस्ट्रेलियाचा बजरीगर, आणि खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. एरवी यानं काही बिघडत नाही, पण सरकारी कागदात याच नावावर सगळं ठरतं, म्हणून मी आधी नावाबद्दलच बोलतो आणि मग फॉर्मकडे येतो.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्या दुरुस्तीनं अनुसूची 4 मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी-पक्षी घेतले, म्हणजे परदेशी असले तरी आता आपल्या कायद्याच्या नजरेखाली आले आणि ते पाळणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करावी लागते. पोपट आणि पॅराकीटांच्या जवळजवळ सगळ्या जाती त्या यादीत आहेत, फक्त चार सोडून: बजरीगर, कॉकटील (बाजारात ज्याला कॉकटेल म्हणतात तो), पीच-फेस लव्हबर्ड आणि आपला गळ्याला कंठ असलेला हिरवा पोपट. पहिल्या तिघांना ही नोंदणी लागत नाही. चौथ्याची गोष्ट एकदम वेगळी आहे, तो आपल्याच देशाचा पक्षी आहे आणि याच कायद्यानं संरक्षित आहे, तो पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा. 'यादीत नाही ना, मग चालतो' असा अर्थ कृपा करून काढू नका. निळा, पिवळा कंठवाला विकायला येतो तेव्हाही रंग बदलला म्हणून जात बदलत नाही, त्या भानगडीत पडूच नका.

आता ज्यांना नोंदणी लागते ते. बोर्क (गुलाबी रंगाचा रोझी बोर्क म्हणून मिळतो तो पण), टर्क्वाइझिन, स्प्लेंडिड, एलिगंट, रेड रम्प आणि रोझेलाचे सगळे प्रकार, हे सगळे साइट्सच्या यादीतल्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत. बरेच जण बजरीपासून सुरुवात करतात आणि दोन-तीन वर्षांनी बोर्ककडे वळतात कारण तो शांत असतो, आवाज बारीक, पहाटे आणि संध्याकाळी फिरतो, दुपारी गप्प बसतो, म्हणजे फ्लॅटला अगदी जमणारा. आणि नेमके इथेच लोक अडकतात, कारण आधी बजरीला काही करावं लागलं नव्हतं म्हणून बोर्कलाही काही लागत नाही असं धरून चालतात. हुडेड आणि गोल्डन-शोल्डर्ड हे दोन ऑस्ट्रेलियन तर त्याहून कडक अशा परिशिष्ट 1 मधले, त्यांची पिल्लं काढायची असतील तर ब्रीडरचं वेगळं लायसन्स लागतं, घरी हौसेनं पाळणाऱ्यानं तिकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदणीचे नियम 28 फेब्रुवारी 2024 ला आले. ज्यांच्याकडे पक्षी आधीपासून होते त्यांना सहा महिने दिले होते, ती मुदत केव्हाच संपली. आता नवीन पक्षी घेतला की ताब्यात आल्यापासून 30 दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. अर्ज ऑनलाइनच, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश 2.0 पोर्टलवर, आणि तो जातो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, आपल्याकडे त्यांचं ऑफिस नागपूरला आहे. घाबरू नका, नागपूरला जायची गरज नाही, पडताळणी करायची झाली तर इथलेच वनखात्याचे लोक येतात. काही अडलं तर महाराष्ट्र वनविभागाचा 1926 हा हेल्पलाइन नंबर आहे.

एजंट लावू नका. पोर्टलवर आपल्या ईमेल आणि मोबाइलनं खातं काढायचं आणि जी फी स्क्रीनवर दिसेल तेवढीच भरायची, पावती डाउनलोड करून ठेवायची.

कागदांबद्दल सांगतो, कारण फॉर्म भरायला बसल्यावर शोधाशोध केली की माणूस कंटाळतो आणि 'उद्या बघू' म्हणत 30 दिवस निघून जातात. आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पक्षी जिथे राहणार त्या जागेचा पत्ता आणि पुरावा (भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं दोन ओळींचं संमतीपत्र घेऊन ठेवा, पुढे वाद नको), पक्ष्याचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटो, पायात रिंग (नंबर कोरलेलं कडं) असेल तर तिचा नंबर वाचता येईल असा जवळून फोटो, पिंजऱ्याचा फोटो आणि लांबी-रुंदी-उंची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पक्षी कुठून आला त्याचा कागद. दुकानाचं बिल, किंवा कोणाच्या घरची पिल्लं घेतली असतील तर त्या माणसाच्या नोंदणीची प्रत आणि हस्तांतराचं सहीचं पत्र. 2020 मध्ये केंद्रानं परदेशी पक्षी-प्राणी स्वेच्छेनं जाहीर करायची योजना काढली होती, तेव्हाचा कागद असेल तर तोही सोबत ठेवा.

बिलाबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी पहिली बोर्कची जोडी घेतली तेव्हा बिलावर फक्त 'पॅराकीट 2 नग' एवढंच लिहिलेलं होतं, मी पण बघितलं नाही, पक्षी बघण्यातच सगळं लक्ष. फॉर्म भरायला बसलो तर शास्त्रीय नाव, नर-मादी, वय, रिंग, यातलं काहीच बिलावर नाही. दुकानात तीन चकरा मारल्या तेव्हा कुठे नीट बिल मिळालं, आणि तोपर्यंत 22 दिवस झाले होते. म्हणून पैसे देण्याआधी बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या. बोर्क म्हणजे निओप्सेफोटस बोर्की, रेड रम्प म्हणजे सेफोटस हिमॅटोनोटस, टर्क्वाइझिन म्हणजे निओफीमा पुल्केला. आणि दुकानाचा नोंदणी नंबरही विचारा, 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, चांगला दुकानदार न विचारता दाखवतो.

नर-मादीच्या रकान्यात अंदाज टाकू नका. रेड रम्पमध्ये सोपं आहे, नर झगझगीत हिरवा आणि कमरेवर लाल, मादी फिकट आणि लाल नाहीच. साध्या बोर्कमध्ये नराच्या चोचीवर कपाळाला निळी पट्टी असते, पण रोझीमध्ये ते नीट कळत नाही, तिथे पिसावरून डीएनए टेस्ट करून घेतलेली बरी. रिंग बघताना ती अखंड आहे का ते बघा. अखंड रिंग पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते, मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जातच नाही, म्हणून पक्षी पिंजऱ्यातच जन्मला याचा तो चांगला पुरावा असतो. कापलेली, दाबून बसवलेली रिंग तेवढी भरवशाची नाही.

नोंदणी झाली म्हणजे काम संपलं असं नाही हां. पिल्लं झाली, पक्षी कोणाला दिला, पक्षी मेला, हे सगळं कळवायचं असतं. बोर्कची अंडी साधारण 18-19 दिवसांत फुटतात, तेव्हा अंडी दिसली की तारीख वहीत लिहून ठेवा. पक्षी दगावला तर डॉक्टरची चिठ्ठी घ्या, परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, जवळच मुंबई व्हेटर्नरी कॉलेज आहे. नोंदणी न करता ठेवलं आणि प्रकरण झालं तर कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मुदत हुकली असेल तर पक्षी गुपचूप विकून मोकळं होऊ नका आणि सोडून तर अजिबात देऊ नका, पिंजऱ्यात जन्मलेला बोर्क मुंबईच्या कावळ्यांपुढे दोन दिवस टिकणार नाही. असतील ते कागद घेऊन सरळ वनखात्याच्या ऑफिसात जाऊन भेटा.

सोसायटीचं काय? खिडकीतल्या पिंजऱ्यासाठी कोणाची परवानगी लागायचं कारण नाही, पण गच्चीवर मोठी जाळीची खोली बांधायची असेल तर गच्ची सगळ्यांची असते, जनरल बॉडीत ठराव करून लेखी घ्या, आणि पक्कं बांधकाम असेल तर महापालिकेचं वेगळं बघावं लागेल. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं वादळ झालं तेव्हापासून विष्ठा म्हटलं की शेजारी धास्तावतात, आणि ती काळजी खोटी नाहीये, वाळलेली धूळ फुप्फुसाला त्रास देते, म्हणून ट्रे रोज ओला करून पुसायचा, झाडायचा नाही. आमच्या खालच्या काकूंना मी हे आधीच दाखवलं होतं, त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

पिंजऱ्याच्या मापाकडे लोक दुर्लक्ष करतात पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. हे पक्षी आडवे उडतात, त्यामुळे उंची कमी चालेल पण लांबी हवी, बोर्कच्या जोडीला फ्लॅटमध्ये निदान साडेतीन-चार फूट तरी द्या. रेड रम्प भांडकुदळ, एका पिंजऱ्यात एकच जोडी. नवीन गॅल्व्हनाइज्ड जाळी व्हिनेगरनं घासून धुवा, जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. गच्चीवरच्या जाळीच्या खोलीला दोन दारं हवीत आणि जाळी दुहेरी, उंदीर आणि मांजरांसाठी. पावसाळ्यात बियांना बुरशी लागते, थोड्या थोड्या आणा. आणि गणपती-दिवाळीत रात्री फटाक्यांनी हे पक्षी बिचकून अंधारात जाळीवर आपटतात, त्या दिवसांत पिंजऱ्याजवळ छोटा दिवा चालू ठेवा आणि एक बाजू चादरीनं झाकून घ्या.