वादळाचा सॅटेलाईट वेगळा, मासळीचा वेगळा

कोकणातल्या मिरकरवाडा बंदरात जा नाहीतर हर्णैला, वादळाचा इशारा असो की मासळी कुठं लागेल त्याचा मेसेज, सगळे म्हणतात "सॅटेलाईटवरनं आलंय". पण हे दोन साफ वेगळे सॅटेलाईट आहेत, आणि बोट बाहेर काढणाऱ्याला तरी हा फरक माहीत हवाच असं मला मनापासून वाटतं.

बातम्यांत ढगांचं चित्र दिसतं ते इन्सॅट-३डीआरसारख्याचं. २०१६ ला सोडलेला, विषुववृत्तावर जवळपास ३६ हजार किमी उंच. तिथं एका फेरीला २३ तास ५६ मिनिटं लागतात, पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते, म्हणून तो एका जागी उभा असल्यासारखा वाटतो (डिश टीव्हीचे सॅटेलाईटही याच उंचीवर, म्हणून तर छपरावरची डिश एकदा लावली की फिरवावी लागत नाही). २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला धरून वर सरकत होतं तेव्हा असाच सॅटेलाईट कामाचा, कारण तो दिवसरात्र आपल्याकडंच बघतो.

मासळीवाला म्हणजे ओशनसॅट-३, नोव्हेंबर २०२२ चा. हा फक्त ७४० किमीवर, ध्रुवांवरून जातो, फेरी ९९-१०० मिनिटांची, पण खाली पृथ्वी फिरत असते त्यामुळं आपला समुद्र त्याला दोन दिवसांनी एकदा मिळतो, तोही दुपारी बाराच्या सुमाराला. तो पाण्याचा रंग टिपतो. रंगावरनं हरितद्रव्य कळतं, म्हणजे प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक वनस्पती) कुठं जास्त आहे ते, आणि प्लवंगाच्या मागं बारीक मासळी आणि तिच्या मागं मोठी, त्यावरनं हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) जागा सांगतं. ढग आले की रंग दिसतच नाही. आणि दोन दिवसांनी एकदा बघणाऱ्याला आत्ताचं हवामान कळत नाही, म्हणून मासळीचा मेसेज आलाय म्हणजे हवामान ठीक आहे असं कृपा करून धरू नका.

आता हे वर टिकतात कसे? इंजिन चालू ठेवून नाही. आणि वर गुरुत्वाकर्षण नसतं हेही खोटं, ७४० किमीवर ते जमिनीच्या ८० टक्के असतं. रत्नदुर्गाच्या कड्यावरनं दगड आडवा फेकला तर पुढं जाऊन समुद्रात पडतो, तोच सेकंदाला जवळपास आठ किमी वेगानं गेला आणि हवाच नसली तर पडत राहील पण पृथ्वीचा गोलावाही तेवढाच खाली वळत जाईल, त्यामुळं कुठं टेकणारच नाही. ओशनसॅट जरा उंच, त्याला साडेसात किमी पुरतात. इन्सॅट लांब, तिथं ओढ कमी, त्याला ३ किमीच पुरतात.

इंधन लागतं ते दुरुस्तीला, आणि त्याची कारणं दोघांची वेगळी. ओशनसॅटला अगदी विरळ का होईना हवा घासते, सूर्य खवळला की ती हवा फुगते आणि घासणं वाढतं. इन्सॅटला हवेचा त्रास नाही पण चंद्र-सूर्य त्याची कक्षा तिरकी करत राहतात, मग जागा धरायला थोडा थोडा जोर मारावा लागतो. २२११ किलोच्या ३डीआरमध्ये अर्ध्याहून जास्त वजन इंधनाचंच होतं, त्यातलं बरंच ३६ हजार किमीवर पोचण्यातच खर्ची पडतं.

इंधन संपत आलं की इन्सॅटच्या उंचीवरच्यांना शेवटचा जोर लावून आणखी काहीशे किमी वर सरकवतात, जागा मोकळी होते. खालच्या कक्षेतल्यांना उलट खाली आणता येतं, इस्रोनं ७ मार्च २०२३ ला मेघा-ट्रॉपिक्स असाच ठरवून प्रशांत महासागरावर पाडला.